बस रिकामी आहे

सोमवार, १० फेब्रुवारी

पोटात दोन सुया. बेंबीच्या डावीकडे एक औषध, उजवीकडे दुसरं. संपलं! एवढ्यासाठी डिसेंबरपासून जीव टांगणीला लागला होता.

मायलोमा चौथ्यांदा उलटलाय. हाडांच्या मगजातला हा कॅन्सर भलता चिवट. डॉक्टर रहिमीबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. या अँटिबॉडीला म्हणे दोन हात. एकाने ती आपल्याच रक्तातल्या शिपाई पेशीला धरते, दुसऱ्याने कॅन्सरच्या पेशीला, आणि दोघांची गाठ घालून देते. पण एकच अँटिबॉडी दिली तर कॅन्सरची पेशी धरायची जागाच टाकून देते आणि निसटते. म्हणून एकदम दोन — वेगवेगळ्या ठिकाणी धरणाऱ्या.

म्हटलं, कळलं! बसमध्ये मारामारी करणाऱ्या पोराची नुसती कॉलर धरली तर ते जाकीट टाकून पळतं. कॉलर आणि पट्टा दोन्ही धरायचे. बाई हसल्या. "हे मी आता सगळ्या पेशंटांना सांगणार!"

गॅरेजातला माझा दोस्त एमेट, त्यालाही हाच रोग. त्याला एकच मिळाली होती. चौदा महिने चालली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

पहाटेपासून ताप, एकशे दोन. हुडहुडी. येणारच होता म्हणे. शिपाई जागे झाल्याची खूण.

मायसी नावाची नर्स आहे, ती परीक्षा घेते. दिवसातून तीनदा. साल कोणतं? महिना कोणता? गाव कोणतं? हे काय — पेन. हे काय — घड्याळ. शंभरपासून दहा-दहाने उलटं मोजा. शेवटी कागदावर एक वाक्य लिहायचं, दर वेळी तेच. औषधाने मेंदूला सूज आली तर अक्षर आधी बिघडतं.

"वाक्य तुमच्या मनाचं, काका. पण एकदा ठरलं की बदलायचं नाही हं."

एमेटने मागेच शिकवून ठेवलं होतं. "हे बघ व्हर्न, हाताला पाठ असलेलं वाक्य दे. डोकं फिरलं तरी हात चुकत नाही. नाहीतर हे लोक शिंकलास तरी डोस थांबवतील." इथल्या सगळ्या जुन्या खोडांना ही क्लृप्ती ठाऊक आहे.

मी लिहिलं — *मागपर्यंत जाऊन पाहिलं. बस रिकामी आहे.*

एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. प्रत्येक फेरी संपली की मागपर्यंत चालत जायचं, सीटांखाली वाकून पाहायचं, कोणी झोपलेलं राहिलं नाही ना! मग तक्त्यावर हे वाक्य आणि खाली सही. माझा हात कापून टेबलावर ठेवला तरी तो हे वाक्य लिहील.

"काय सुरेख अक्षर हो!" मायसी म्हणाली. म्हटलं, पोरी, या वाक्याचं पेन्शन खातोय मी.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

दुसरा डोस, पहिल्यापेक्षा मोठा. तोंडाची चव पार गेली — दोघांतलं एक औषध जिभेवरही हात टाकतं. बोटांच्या टोकांची सालं निघताहेत.

आर्लिसने घरून जंगली तांदळाचं सूप आणलं. पुठ्ठा भिजवून खाल्ल्यासारखं लागलं. सगळं संपवलं.

"बेचाळीस वर्षांच्या संसारात आज पहिल्यांदा मिठावरून खोड काढली नाहीस," ती म्हणाली. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. नळ सोडला की रडणं ऐकू येत नाही असं तिला वाटतं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

रक्ताचे आकडे आले. ते वाईट प्रथिन निम्म्यावर! आठवड्यात! आर्लिसने मायसीला मिठीच मारली. तिसराही डोस आजच दिला. आता पुढच्या सोमवारी पूर्ण मापाचा.

पावणेतीन वाजले होते. शाळा सुटायची वेळ. सहज खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं तर एमेट बसलेला. गॅरेजमधला निळा डगला, हातात ग्रीस पुसायचं फडकं.

"काय रे, माझी जागा उबदार आहे ना?"

एमेट नऊ जानेवारीला गेला. शवपेटीचा एक दांडा माझ्याच हातात होता. जमीन गोठलेली, पाय घसरत होते.

आर्लिस त्या खुर्चीवर पर्स ठेवायला निघाली. मी ओरडलो, "तिथे नको!" ती बघतच राहिली.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

पावणेतीनला पुन्हा. फडक्याने एक-एक बोट पुसत बसला.

लिहूनच टाकतो. कोणाला सांगितलेलं नाही, आर्लिसलासुद्धा.

डिसेंबरात या नव्या औषधाच्या प्रयोगात एकच जागा उरली होती. एमेटचा नंबर पहिला, माझा दुसरा. दोघांनी एकाच गॅरेजात जन्म काढला, तो मेकॅनिक, मी ड्रायव्हर. दोघांना रोगही एकच. डिझेलचा धूर असेल म्हणायचो, डॉक्टर म्हणतात सांगता येत नाही. त्या आठवड्यात त्याला न्यूमोनिया झाला. फोन मला आला, हॉस्पिटलातल्या बाईचा. "तुमच्या आधीचे गृहस्थ आजारी पडलेत. त्यांच्यासाठी दहा दिवस जागा धरून ठेवता येईल, तुमची तब्येत तेवढी टिकेल. की तुम्हीच येता?" नाव घेतलं नाही तिने. मला नाव सांगायला कशाला हवं होतं!

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी "हो" म्हणालो.

एमेटला सांगितलं, त्या लोकांनीच ठरवलं. तो म्हणाला, "बरं झालं गड्या, आपल्यातल्या एकाला तरी मिळाली." दहा दिवसांत त्याचा न्यूमोनिया बरा झाला. मग कॅन्सरने गाठलं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आज एकच वाक्य बोलला. "मागपर्यंत पाहिलंस का?"

हे विचारायचा हक्क जगात त्याच्या एकट्याचा आहे. शहाण्णव सालचा जानेवारी. मला फ्लू, अंग मोडून आलेलं. मागे न जाताच तक्त्यावर लिहिलं, बस रिकामी आहे, आणि घर गाठलं. शेवटच्या सीटवर पहिलीतली एक मुलगी झोपली होती. बाहेर उणे वीस. एमेट हीटर बघायला म्हणून चढला, त्याला सापडली. आपल्या डगल्यात गुंडाळून तिला घरी पोचवलं. आईला सांगितलं, बस वाटेत बंद पडली, चूक माझी, मीच इंजिन नीट पाहिलं नव्हतं. माझ्या वाटचं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतलं, आणि मरेपर्यंत कधी बोलून दाखवलं नाही.

अशा माणसाचे पांग मी असे फेडले! लाज वाटते. नुसती लाज नाही, भीती वाटते त्याची.

गुरुवार, ३१ फेब्रुवारी

एमेट सकाळीच आला. एमेट सकाळीच आला. मागच्या सीटवर बसलाय. या खोलीला मागची सीट आहे हे इतके दिवस लक्षात कसं आलं नाही! दोन्हीकडे सीटा, मधून वाट. मायसी वाटेतून चालत आली. साल बरोबर. महिना बरोबर. पेन. घड्याळ. वाक्य लिहिलं. पूर्ण गुण! बस रिकामी आहे. बस रिकामी आहे बस. एमेट हसला. सांग म्हणाला नाही, सांगू नको म्हणाला नाही. मुलगी त्याच्या मांडीवर झोपली आहे बस

शनिवार, २२ फेब्रुवारी

तारीख आर्लिसला दोनदा विचारून लिहिली आहे.

मागचं पान उघडलं. एकतीस फेब्रुवारी! कुठल्या जन्मी असते ही तारीख? ओळी उताराला लागलेल्या, अक्षरं एकमेकांवर चढलेली. लिहिल्याचं आठवतसुद्धा नाही. मायसीकडून त्याच दिवसाचा परीक्षेचा कागद मागून पाहिला. मोत्यासारखं अक्षर. हात पास, डोकं नापास. एमेटची क्लृप्ती लागू पडली!

कालचा दिवस कुठे गेला कोण जाणे.

परवा पूर्ण डोस. सांगितलं तर थांबवणार. किती दिवस, कोणी सांगावं. जागासुद्धा जाईल. आकडे परत चढतील. नाही सांगितलं तर? रहिमीबाईंनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं — सूज वेळेवर कळली तर औषधाने उतरते, लपवली आणि वर डोस घेतला तर आकडी येऊन माणूस हातचा जातो.

आणि उतरली तर एमेट यायचा नाही. खरं भय तेच. अजून माफी कुठे मागितली आहे मी?

"कोणाशी बोलतोस रे दुपारी?" आर्लिसने विचारलं.

"कोणाशी नाही."

"मला वेडी समजू नकोस. खुर्ची रिकामी असते आणि तू मान हलवतोस."

"औषधाची गुंगी असेल."

"मग मायसीला सांगते."

"सोमवारपर्यंत थांब. माझी शपथ आहे तुला."

तिने कोडं सोडवायचं मासिक उघडलं. तासभर पान उलटलं नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

पावणेतीन. माफी मागितली. मनातल्या मनात नाही, तोंडाने, मोठ्याने. फोनचं सांगितलं, दहा दिवसांचं सांगितलं, तुझ्या तोंडावर खोटं बोललो तेही.

आर्लिस कॉफी घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं. मला वाटलं आता निघून जाईल. ती आत आली, कॉफी खिडकीत ठेवली आणि त्या खुर्चीशेजारी उभी राहिली. खुर्चीत बसली नाही.

एमेटने फडकं घडी करून खिशात घातलं. माफ केलं म्हणाला नाही. तेच विचारलं — "मागपर्यंत पाहिलंस का?"

सोमवार, २४ फेब्रुवारी

सकाळची परीक्षा. दोन्ही सुया ट्रेमध्ये भरून तयार. साल, महिना, गाव, पेन, घड्याळ. मायसीने कागद पुढे केला. हात आपोआप निघाला होता, त्याला अर्ध्यात धरला. मग सावकाश, एक-एक अक्षर जुळवत लिहिलं — *मागपर्यंत जाऊन पाहिलं. शेवटच्या सीटवर एमेट बसला आहे.*

तिने दोनदा वाचलं, आणि ट्रे उचलून बाहेर नेला.