झाकल्या चेहऱ्याला प्रवेश नाही

सोमवार, ६ जानेवारी
पेठेतल्या वाचनालयात शनिवारी वादविवाद. 'सार्वजनिक जागी चेहरा झाकण्यावर बंदी असावी का?' बंदीच्या बाजूने मी. बावीस वर्षं वार्ताहर म्हणून दुसऱ्यांची भाषणं उतरवली, आता माझं कोणीतरी उतरवेल. रविवारच्या अंकात फोटोही येणार. विरोधात शेजारच्या नजीराभाभींची सबिना, लॉच्या दुसऱ्या वर्षाला. फार दुखवायचं नाही, असं ठरवलं.

मंगळवार, ७ जानेवारी
सुरुवात संस्कृतात. 'मुखं विश्वासस्य द्वारम्.' हाच मुद्दा क्रमांक एक: चेहरा झाकला की मनातलं कळत नाही. वचन आजच अंघोळ करताना रचलं. पूर्वज सांगून गेले, असं म्हणणार. कुठले पूर्वज, हे सभेत कोणी विचारत नाही.
सौ. संयोगिताने विचारलं, मी स्कूटरवर डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फने बांधते, त्याचं काय. ते धुळीसाठी, म्हणालो. आणि भाभींचा नकाब? विषय गंभीर असल्याने पेपर वाचायला घेतला.

बुधवार, ८ जानेवारी
तत्त्वाला कृतीची जोड हवी. वाचनालयाच्या दारासाठी स्वहस्ते फलक केला: 'झाकल्या चेहऱ्याला प्रवेश नाही.' अक्षर झकास. भाभी लेकीचं भाषण ऐकायला येणार होत्या, याची सौ.ने आठवण करून दिली. अपवाद केला की नियम लंगडा होतो, म्हणालो. चहा गार मिळाला.

शुक्रवार, १० जानेवारी
फोटोसाठी केसांना आणि मिशीला डाय. आधी कानामागे लावून पाहा, असं पाकिटावर होतं. अशा सूचना सामान्य ग्राहकांसाठी असतात.

शनिवार, ११ जानेवारी, सकाळी ७
किंचित सूज. डोळ्यांच्या फटी, वरचा ओठ नाकाला टेकलेला. दूधवाले आण्णा सौ.ला विचारत होते, पावणं कोण आल्यात? त्यांची नजर अधूच आहे. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस लागतील. भाषण तोंडानेच करायचं, चेहऱ्याने नव्हे. सौ.चा स्कार्फ घेतला. वर वक्त्याला शोभेल अशी शाल.

शनिवार, सायंकाळी ७
दारात नवा कार्यकर्ता, विश्वजित. म्हणाला, "पावणं, बोर्ड वाचा की." बोर्ड मीच लिहिलाय, म्हणालो. त्याने पत्रिकेवरचा माझा फोटो पुढे धरला. "मग तोंड दावा, सोडतो." त्याच्यामागे फोटोग्राफर. नियमाचा मान राखून बाहेर पायरीवर बसलो.
तिथे नजीराभाभी आधीच बसलेल्या. आवाजावरून ओळखलं त्यांनी. गैरसमज नको, म्हणून माझं कारण वेगळं आहे, वैद्यकीय आहे, हे समजावून सांगितलं.
"व्हय सर," त्या म्हणाल्या, "कारणं येगळीच हाईत. पायरी तेवढी एक हाय."
खिडकीतून सबिनाचं भाषण ऐकलं. मुद्दे कच्चे. टाळ्या उगाच लांबल्या. भाभींचे डोळे भरून आले. बाकी काही दिसत नव्हतं, तरी कळलं. ही गोष्ट माझ्या मुद्दा क्रमांक एकच्या विरोधात जाते, म्हणून इथेच नोंदवून ठेवतो.
भाषण संपल्यावर सबिना थेट आईकडे पायरीवर आली. तिच्यामागे फोटोग्राफर.

रविवार, १२ जानेवारी
ठरल्याप्रमाणे अंकात फोटो आला. तीन कॉलमी. मधे सबिना, एका बाजूला भाभी, दुसऱ्या बाजूला मी. खाली ओळ: 'विजयी वक्त्या सबिना, आई व मावशीसमवेत.'
दुरुस्ती मागणार नाही. शाल उठून दिसते.