ड्रायव्हरला न दिसणारी बाजू

बाबा, आज तुमच्या जागेवर बसून आले. पुण्यातल्या एका रेल्वे संग्रहालयाच्या अंगणात जुनं कोळशाचं इंजिन उभं केलंय. तुमच्या नातीला शाळेच्या प्रकल्पासाठी ते बघायचं होतं, मी आपली सोबत म्हणून गेले आणि तिच्याआधी वर चढले. भट्टीचं दार उघडून आत डोकावले, कुठली नळी कुठे जाते ते बोटाने शोधलं, शिट्टीची साखळीसुद्धा ओढली. "अहो बाई, नाही वाजणार ती," रखवालदार खालून म्हणाले, "वाफ लागते त्याला." मी ओशाळून ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि खिडकीतून पुढे बघितलं.

बघितलं म्हणजे काय, डाव्या अंगाचा रूळ तेवढा दिसला. बाकी नुसता बॉयलर. मान बाहेर काढली, उभी राहिले, वाकले, काही फरक पडेना. शेवटी लेकीला पिटाळलं, "पुढे जाऊन उजवीकडे उभी राहा." ती गेली.

"आई, दिसतेय का मी?"

"नाही गं."

"अगं, हात हलवतेय!"

"तरी नाही."

मग रखवालदारांनाच विचारलं, सिग्नल त्या बाजूला आला तर ड्रायव्हर काय करायचा? "काय करणार? पलीकडच्या खिडकीतून फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा, ओरडून सांगायचा. ड्रायव्हरने तेच शब्द मोठ्याने परत म्हणायचे. त्याशिवाय ऐकलं असं धरायचंच नाही."

तुम्ही जन्मभर अशीच इंजिनं चालवलीत. घोरपडीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये तुम्ही आम्हाला प्रत्येक गोष्ट परत म्हणायला लावायचात. क्लास किती वाजता सुटतो, दूध किती आणायचं, सगळं. आई फोडणी देतादेता "कोथिंबीर आणा" म्हणाली की तुम्हीही "कोथिंबीर आणतो" म्हणूनच चपला घालायचात, पण ते माझ्या कधी लक्षातच आलं नाही. मला वाटायचं, तुमचा माझ्यावर भरवसा नाही. मग हिंजवडीच्या नोकरीचा पहिला दिवस येतो. कंपनीची बस कोपऱ्यावर उभी आहे, खिडक्यांत नवे सहकारी आहेत, आणि तुम्ही बसच्या दारापर्यंत आलाय. "संध्याकाळी कुठे सोडणार बस? परत सांग." मी सगळ्यांसमोर फटकन म्हणते, "बाबा, मी तुमच्या हाताखालची फायरमन नाहीये!" बसमध्ये हशा पिकतो. तुम्ही "बरं" म्हणता.

त्यानंतर तुम्ही आणखी आठ वर्षं जगलात. पुन्हा कधी तसं विचारलं नाहीत. मला सुटल्यासारखं वाटलं होतं, आता लाज वाटते. आपल्याला दिसत नाही ते दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायचं आणि त्याच्या शब्दावर माणसांनी भरलेली गाडी पुढे काढायची, याहून मोठा भरवसा तो काय असतो? ते कंप्युटर, ती कंपनी, माझं ते सगळं जग तुम्हाला न दिसणाऱ्या बाजूला होतं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक कबूल करते. शेवटच्या आजारपणात डॉक्टर म्हणाले होते, फार तर दोन महिने. ते तुम्हाला मी सांगितलं, खिडकीकडे तोंड करून. तुम्ही नुसती मान हलवलीत, शब्द परत म्हणाला नाहीत. इंजिनाच्या आवाजाने तुमचे कान केव्हाच मंदावले होते आणि ते मला माहीत होतं. ऐकू जाऊ नये म्हणूनच हळू बोलले होते.