हेच पत्र दोनदा मिळालं तर

चिमवेमवे वस्ती, किटवे
१२ ऑक्टोबर २०२४

प्रिय कासोंदेदादा,

आम्ही सगळे बरे आहोत, तूही असशील असं धरून चालते. इकडे ऊन असं तापलंय की छपराच्या पत्र्यावर मका टाकला तर लाह्या होतील. आईचे गुडघे कुरकुरतात, पण जीभ ठणठणीत आहे.

हे पत्र मी तीन वाटांनी पाठवतेय. एक तुझ्या जुन्या पत्त्यावर, एक जोहान्सबर्गच्या बसड्रायव्हरच्या हाती, आणि एक तिथे आपले लोक जातात त्या चर्चमध्ये. तिन्ही मिळाली तर न्गोसाला वेड लागलं असं म्हणू नकोस. तुझ्याच पुस्तकात लिहिलंय, निरोप पोचला की नाही ते कळत नसेल तर पुन्हा पाठवा, आणि तो असा असू द्या की दोनदा पोचला तरी घोटाळा होणार नाही. म्हणून यात मी काही मागवलेलं नाही. चपला पाठव म्हटलं असतं तर तीन जोड आले असते, आणि मी मेली एकही परत केला नसता!

तुझी दोन्ही पुस्तकं माझ्याकडे आहेत. जाडं, नेटवर्कच्या प्रोग्रामिंगचं, त्याचा कणा मोडलाय. सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून ठेवलंय. आणि दुसरी ती झेरॉक्स, पुष्कळ कॉम्प्युटर एका कामाला कसे जुंपायचे त्याची. झेरॉक्स काढताना दुकानातली वीज गेली आणि शेवटचं प्रकरण राहिलं, आठवतं? ते अजून कुणीच वाचलेलं नाही. आम्ही ते आमच्या मनाने रचतो.

दादा, काय पुस्तकं आहेत रे! जाडं पुस्तक लहान मुलाला धरून चालवावं तसं नेतं. कान देऊन कसं बसायचं, हाक आली की ओ कशी द्यायची, बोलणं झालं की दार कसं लावायचं. एक पायरी गाळत नाही, आणि आपण चुकलो तर हसत नाही. झेरॉक्सवालं मात्र खडूस मास्तर. पहिल्याच पानावर सांगतं, तारेवर भरवसा ठेवू नका, कुठलंही यंत्र कधीही गप्प होईल. माझे विद्यार्थी म्हणाले, "मॅडम, हे पुस्तक किटवेतच लिहिलं असणार!" बाहेरच्या देशांत हा परीक्षेतला प्रश्न. आपल्याकडे भारनियमन आहे, म्हणजे रोजचा स्वयंपाकच तो.

वर्ग न्जोवूकाकांच्या ओसरीवर भरतो, कारण सगळ्या गल्लीत सोलरचं पॅनेल फक्त त्यांच्या छपरावर. म्हातारा अजून तसाच आहे. तो न्गोनी जमातीचा आणि आपण बेम्बा, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचं थट्टेचं नातं, रागवायची सोय नाही. मुलं आली की ओरडतो, "आले का माकडखाऊ! पुस्तकाला केळ्याचे हात लावू नका!" मुलंही त्याला उंदीरखाऊ ठरवल्याशिवाय सोडत नाहीत. "काका, वायर कुरतडली कुणी? उंदीर होता की तुम्हीच त्याच्या मागे लागला होता?"

तुझी पेन्सिल अजून पानापानांवर आहे. यंत्र मेलं तर काय करायचं, या प्रकरणाशेजारी तू लिहिलंयस, "ही तर आपली नाव द्यायची रीत! मेलेल्याचं नाव भाच्याला द्यायचं, घरातली त्याची जागा रिकामी राहात नाही. इथेही मेलेल्या यंत्राचं नाव दुसऱ्याला देतात." कसं सुचलं रे तुला! मी प्रत्येक वर्गात याच वाक्यापासून सुरुवात करते, आणि मुलांच्या डोक्यात लख्ख उजाडतं. त्याच्याखाली तू एक प्रश्न टाकून ठेवलायस: "पण तो मेलाच नसेल तर?"

त्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला ऑगस्टमध्ये भरदुपारी मिळालं. तीन जुने कॉम्प्युटर ओसरीवर, चौथा लॅपटॉप शेजारच्या घरात, मध्ये कुंपणावरून तार. तो लॅपटॉप सगळ्यांचा मुखिया. शेजारची वीज गेली, तार जोडणारी पेटी बंद पडली, आणि मुखिया गप्प. मुलांच्या प्रोग्रामने जरा वाट पाहिली, मेला म्हणून सांगितलं, आणि त्याचं नाव ओसरीवरच्या एकाला दिलं. टाळ्या पडल्या. मग वीज आली. लॅपटॉप तर आपल्या बॅटरीवर खुशाल चालू होता! त्याला काय ठाऊक आपण मेलोय? एका नावाचे दोन मुखिये हुकूम सोडायला लागले, कुणाचा हिशेब कुणाला लागेना. न्जोवूकाका पोट धरून हसले. "अरे गाढवांनो, जित्या माणसाला पुरलंत की! आता बायकोने जेवण कुणाच्या ताटात वाढायचं?"

मीही हसले. घरी येताना मात्र हसू कुठल्या कुठे गेलं.

मी उगाच यंत्रांचं पुराण लांबवतेय हे तू ओळखलं असशील. लहानपणापासून माझं असंच. कप फुटला की मी आधी मांजराची गोष्ट सांगायची.

दादा, घरात तुझं नाव द्यायचं ठरलंय.

गेल्या महिन्यात मामा कासामाहून आले. येताना पांढऱ्या मण्यांची दोरी घेऊनच आले. ताईच्या मुलाच्या मनगटावर ती बांधायची आणि त्याला कासोंदे म्हणायचं. मामांचा काही दुष्टपणा नाही. म्हणाले, "इतकी वर्षं झाली, ना फोन, ना निरोप. जिवंत माणूस आईला असं ठेवत नाही."

मी म्हटलं, "मामा, उत्तर येत नाही एवढंच आपल्याला माहीत आहे. माणूस गेला, की तार तुटली, की तो नुसता दमलाय, हे इथे बसून कळत नाही."

"पोरी, हे तुझं पुस्तक झालं. माणूस म्हणजे कॉम्प्युटर नव्हे."

"माणसाला तर जास्त वेळ द्यायला हवा!"

तेवढ्यात आई बोलली. तोवर ती हरभऱ्याएवढा घासही तोंडात न घालता ताटाकडे बघत बसली होती. "न्गोसा, मला रडू तरी दे. सगळी वस्ती मला दिवसभर त्याच्याच नावाने हाक मारते. बाना कासोंदे, मीठ आहे का? बाना कासोंदे, पाणी आलं का? कासोंदेची आई! ओ देताना मला समजत नाही, मी जित्या मुलाची आई की मेलेल्या."

मी तिचं ताट तिच्याजवळ सरकवलं.

आणि दारात धप्पकन आवाज झाला. न्जोवूकाका उंबऱ्यावर आडवे पडले होते, चांगला कोट घालून! मयताच्या घरी थट्टेच्या नात्याला काहीही करायची मुभा, ती त्यांनी वसूल केली. "प्रेत दाखवा, मग उठतो. मेलेला उत्तर देत नाही हे खरं, पण जिता बेम्बा तरी कुठे देतो? आळशी मेले! मला ओलांडून जायचं असेल तर जा." मामा लालबुंद झाले, पण रागावणार कसे? शेवटी त्यांनाच हसू फुटलं. आईसुद्धा हसली, आणि हसता हसताच रडली. विधी नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत पुढे गेला. त्यापलीकडे थांबणार नाही, असं मामांनी बजावलंय.

तू गप्प का, ते मला वाटतं मी जाणते. दक्षिणेला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परतत नाही, आणि तुझं तिथे जमलं नसावं. मग ऐक. तुझ्या पुस्तकांवर शिकलेली मुटाले आता खेड्यांतल्या दवाखान्यांसाठी काम करते. औषधांचा साठा सांभाळणारा तिचा प्रोग्राम वीज गेली तरी कुणाला मेलं म्हणत नाही. थांबतो, आणि तार जुळली की दोन्हीकडचा मेळ घालतो. ताप आलेल्या पोराला गोळी मिळते ती त्यामुळे. मुटालेने तुला पाहिलेलंही नाही, तरी तुझी पेन्सिल तिला पाठ आहे. तू हात हलवत गेलास, कारण जे होतं ते इथे ठेवून गेलास. मला तुझा किती अभिमान वाटतो, हे तोंडावर कधी सांगितलं नव्हतं. घे, सांगितलं.

उत्तरात काही लिहू नकोस हवं तर. कोरं पाकीट पाठव, तीन आली तरी घोटाळा नाही, किंवा ड्रायव्हरला मान हलवून दाखव. आई म्हणते, जिता असेल तर त्याला म्हणावं ये, माझ्या शिव्या साठल्यात.

मुलं मला नेहमी विचारतात, "मॅडम, किती वेळ थांबायचं?" पुस्तकात त्याचा आकडा नाही. लिहिलंय, तो ज्याचा त्याने ठरवायचा. मामांनी त्यांचा ठरवलाय. मी माझा घातलेलाच नाही.

अजून तरी बाना कासोंदेचीच धाकटी,
न्गोसा