तेवीस जणांच्या दोन मच्छरदाण्या

कारंजा (घाडगे)
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

प्रिय निकेशदादा,

तुला नमस्कार, आणि तुझ्या खोलीतल्या दोघा मित्रांनाही. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. थंडी पडल्यापासून आईचा गुडघा कुरकुरतो, पण तिचं बोलणं काही कमी झालेलं नाही. बाबांचा खोकला गेला. कपिली व्यायली, कालवड झाली. वांगी इतकी लागली आहेत की आई भाजी करते, भरीत करते, आणि उरली की माझ्याकडे संशयानं बघते.

फोन सोडून पत्र कुठून काढलं, असं तू म्हणशील. फोनवर तू म्हणतोस, "ड्युटीवर हाय, ठेवतो." मी म्हणते, "बरं." असं वर्षभर चाललं आहे. या दिवाळीलाही तू आला नाहीस. बुटीबोरी म्हणजे काही परदेश नाही. पत्र फाडायचं झालं तरी माणूस आधी वाचतो, म्हणून पत्र.

तू घरी यावंस, एवढंच मला हवं आहे. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे आडवळण घेत बसायला नको. मागच्या वर्षीचा विषय मी काढणार नाही. आज तुला माझी फजिती सांगायची आहे. अख्खं गाव हसलं, तर तूच का राहावंस?

मी एका संस्थेत लागले आहे, चार महिन्यांसाठी. आईनं सांगितलं असेलच. कापूस वेचायला बाहेरगावाहून जे मजूर येतात, त्यांना औषध लावलेल्या मच्छरदाण्या द्यायच्या, त्या खरंच बांधल्या जातात का ते पाहायचं, आणि कुणाला ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासायचं, हे माझं काम. त्याच दिवशी. उद्या नाही.

दसरा झाल्यावर तानबांची टोळी आली. पांढुर्ण्याकडच्या डोंगरातली, दर वर्षीची तीच माणसं, तेवीस जण. उतरले आहेत आपल्याच कोठ्यात. तुला माहीत आहे कसा आहे तो. वर टीन, तीन बाजूंना भिंत आणि चौथी बाजू उघडी. तिथे गोणपाट अंथरून सगळे एका ओळीत झोपतात. तानबांबरोबर त्यांचा मुलगा आहे, सून इमरती आहे, आणि या वर्षी इमरतीची आई वच्छलाबाईही आली आहे, लेकीजवळ राहायला. कारण इमरतीला सहावा महिना लागला आहे.

होय, तीच इमरती.

तिला मच्छरदाणीत झोपलेलं पाहीन तेव्हाच मला या कामाचं काही वाटेल, असं मी पहिल्याच दिवशी मनाशी ठरवलं होतं. आणि पहिल्याच दिवशी मी सगळं बिघडवून ठेवलं.

झालं असं. संस्थेचा नियम आहे, दोन माणसांमागे एक मच्छरदाणी. तेवीस माणसं, म्हणजे बारा. मी विचार केला, नुसत्या वाटून टाकल्या तर भांडणं होतील, आपण नीट यादी करू. मी प्रत्येकाचं नाव आणि वय लिहून घेतलं, वयाप्रमाणे लावलं आणि दोन-दोनच्या जोड्या केल्या. लहान मुलांत लहान मुलं, म्हाताऱ्यांत म्हातारे. बी.एस्सी. झालेल्या माणसाला याहून व्यवस्थित काय सुचणार? संध्याकाळी सगळे कापूस मोजून आले, तेव्हा मी त्यांना बसवलं. बाबा खाटेवर होते. बंडूजीकाका त्यांच्याकडे तंबाखू मागायला आले होते. मी उभी राहून मोठ्यानं वाचायला लागले. क्रमांक एक, क्रमांक दोन, क्रमांक तीन. आणि मग, "क्रमांक चार. तानबा आणि वच्छलाबाई."

दादा, व्याही आणि विहीण. एका मच्छरदाणीत. मी, माझ्या तोंडानं, मोठ्यानं.

 मग मागच्या एका बाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. वच्छलाबाईंनी डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. ज्या बाया वर्षानुवर्षं व्याह्यासमोर चप्पल घालून जात नाहीत, त्यातल्या त्या. तानबा उठले आणि विहिरीकडे चालू लागले. बंडूजीकाकांना तेवढ्या शांततेत म्हणावंसं वाटलं, "वा पोरी, सोयरीक पक्की केली तू."

मग जे हसू फुटलं ते थांबेना. मी यादी चाळत राहिले, जणू पुढच्या ओळीत सुटका लिहिलेली आहे. पुढच्या ओळीत एका नव्या नवरीला तिच्या दिराबरोबर ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी तानबांनी निरोप पाठवला की त्यांच्या टोळीतलं कुणीही मच्छरदाणीला हात लावणार नाही. मुकादमच नाही म्हणाला, मग बाकीचे कशाला घेतात? बाराच्या बारा मच्छरदाण्या कोठ्याच्या कोपऱ्यात पाकिटासकट पडून. आणि सासऱ्यानं नाही म्हटल्यावर इमरती एकटी कशी घेणार? मी तिला वावरात गाठून विनवलं. ती बोंड वेचता वेचता म्हणाली की दीदी, मामाजींचं मन आधी जागेवर येऊ द्या.

चहाच्या टपरीवर तर माझं जाणंच बंद झालं. बंडूजीकाका रोज विचारायचे, "काऊन सुरभी, जोड्या लावाचं ऑफिस कधी उघडून राह्यली?"

चार दिवस असे गेले. मी घरी रडत नव्हते, पण जेवतही नव्हते. शेवटी आईनंच विषय काढला. तिनं सगळी यादी माझ्याकडून वाचून घेतली, सातव्या क्रमांकापर्यंत हसू दाबून धरलं आणि मग विचारलं, "तू काऊन जोड्या लावत होती? झोपणाऱ्याले माहीत नाई का, कोनाजोळ झोपाचं ते?"

मी म्हटलं, नियम आहे.

"नियम मच्छरासाठी हाय का मानसासाठी?" असं म्हणून ती गुडघा धरत उठली आणि बायांबरोबर कापूस वेचायला गेली. दिवसभर तिथेच होती. संध्याकाळी आली ती सगळं ठरवूनच. त्या बायांना वेगळं-वेगळं झोपायचंच नव्हतं. परक्या गावात, उघड्या कोठ्यात, बाया एका ओळीत भिंतीकडे, लेकरं मधे, आणि पुरुष उघड्या बाजूला, असं त्यांचं ठरलेलं असतं. कोण कुणाशेजारी, हे ती ओळच सांगते. माझ्या बारा मच्छरदाण्या ती ओळ मोडत होत्या.

"मंग मच्छरदाण्याच जोडून टाक ना माय, मानसं काऊन तोडते?" आई म्हणाली.

पण त्याआधी मान होता. आईनं मला गुरुवारी नवी साडी नेसायला लावली. वच्छलाबाईंसाठी खण-नारळ, तानबांसाठी दुपट्टा-टोपी. लग्नात विहिणीचा रुसवा काढतात तसं. मी म्हटलं, मी काही नवरीची आई नाही. आई म्हणाली की जोडी तू लावली, तर मानही तूच द्यायचा.

सोमवार, २५ नोव्हेंबर

काल इथे पत्र सोडलं. दिवा, वीज, झोप, काहीतरी कारण सांगितलं असतं, पण खरं ते नाही. पुढचं लिहायला हात होत नव्हता. मागच्या वर्षीचा विषय काढणार नाही, असं मी वर लिहिलं आहे. ते खोडत नाही, तसंच राहू दे. म्हणजे मी किती टाळते हे तुला दिसेल.

कोठ्यात सगळे जमले होते. बाबाही आले. मी वच्छलाबाईंची ओटी भरली, पाया पडले. त्यांनी पदराआडून माझ्या गालावरून हात फिरवला आणि बोटं मोडली. तानबांनी टोपी घातली, दुपट्टा खांद्यावर टाकला आणि एकदम पाहुण्यासारखे ताठ बसले. मग म्हणाले, "आता झालं. तुमच्या घरचा शब्द मी कसा टाळीन? मागच्या साली या घरच्या पोट्ट्यानं माह्या सुनेले हातावर उचलून गाडीत टाकलं, सावंगीले नेलं. दवाखान्यातून हालला नाई. निकेशभाऊ नसता तं इमरती आज नसती."

बाबा जमिनीकडे बघत होते. त्याच कोठ्यात, त्याच माणसांसमोर, त्यांनी तुला म्हटलं होतं की वेचणी बुडू नये म्हणून तू दोन दिवस बाई तापात ठेवलीस, तुझ्यापायी तिचं पोटातलं लेकरू गेलं. आणि तू एकदाच माझ्याकडे बघितलं होतंस. एकदाच. आठ दिवसांनी बॅग भरलीस.

दादा, तू पहिल्याच दिवशी आला होतास मला विचारायला. मी ओट्यावर परीक्षेचा निकाल मोबाइलवर पाहत होते. तू म्हणालास की इमरतीला थंडी वाजून ताप आहे, दवाखान्यात नेऊ का, तू शिकलेली आहेस, तूच सांग. आणि मी गेले, तिच्या कपाळाला हात लावला, जसं काही मला कळतं, आणि म्हटलं की उन्हाचा ताप आहे, दोन दिवसांत उतरेल. गोळी दिली. तू माझ्यावर विश्वास ठेवलास. घरातली पहिली पदवी होती ना. मला 'माहीत नाही' म्हणायची लाज वाटली.

मग बाबा तुला बोलत होते आणि मी कडेला उभी होते. मला वाटलं, आज नाही, उद्या सांगू.

गुरुवारी तानबा ते बोलले आणि मला जाणवलं की आता गप्प राहिले तर आयुष्यभर गप्प राहीन. मी उभी राहिले आणि म्हटलं, "दोन दिवस थांबा, असं मी सांगितलं होतं. दादा पहिल्याच दिवशी नेत होता. गोळी मी दिली होती."

 मी इमरतीकडे बघायची हिंमत केली. ती लसूण सोलत होती. तिनं हातातली पाकळी पूर्ण सोलली, ताटलीत टाकली आणि म्हणाली, "मालूम हाय ना दीदी. गोळी तं म्या तुमच्याच हातून घेतली होती. मले मालूम नसन का?"

"मग या वर्षी पुन्हा आमच्याकडे काऊन आली?" मी विचारलं.

"पाहाले आली. तुम्ही आता काय करता ते."

आणि तिनं कोपऱ्यातलं एक पाकीट ओढून घेतलं आणि दातानं फोडलं.

मी तिथेच बसून रडले, आणि गंमत बघ, सगळ्यात आधी हसल्या त्या वच्छलाबाई. त्यानंतर दोन दिवस आपल्या शेतात जे चाललं होतं, ते तू पाहायला हवं होतंस. औषधाचा वास जावा म्हणून मच्छरदाण्या दिवसभर सावलीत पसरून ठेवल्या. आईनं आणि बायांनी कापसाची पोती शिवायच्या दाभणानं त्या एकमेकींना जोडल्या. एक लांब बायांची आणि लेकरांची, एक पुरुषांची. बांधायच्या कशाला, हा प्रश्न होता. बाबा गेले आणि कारल्याच्या मांडवाची तार सोडून घेऊन आले. वेल अजून फळावर होता, तरी. खांबापासून खांबापर्यंत स्वतः ताणली. कोठ्यात आता मंडप घातल्यासारखं दिसतं. लेकरं दिवसाही आत शिरून लपतात, त्यांना हाकलता हाकलता माझा जीव जातो.

शनिवारी सुपरवायझर सर तपासणीला आले. त्यांच्या फॉर्मवर रकाना आहे, बांधलेल्या मच्छरदाण्यांची संख्या. मी लिहिलं, दोन. ते म्हणाले, बारा दिल्या होत्या ना? मी म्हटलं, आत किती माणसं झोपतात तेही लिहा. तेवीस. ते वाकून आत गेले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून आले आणि बाहेर येऊन आईला विचारलं की बाई, बाकीच्या गावांत शिकवायला याल का? आई तेव्हापासून माझ्याशी जरा वरच्या आवाजात बोलते.

इमरती भिंतीला लागून, वच्छलाबाईंच्या शेजारी झोपते. परवा तिचं रक्त तपासलं. काही नाही. आज पुन्हा विचारलं, ताप, अंगदुखी? ती म्हणाली, दीदी, रोज विचारून विचारूनच मला ताप येईल.

आता बाबांचं. गुरुवारी ते मला काहीच बोलले नाहीत. रागावलेही नाहीत, त्याचीच मला भीती वाटली. काल सकाळी वांगी तोडताना त्यांनी मला विचारलं, "मंग तो मले बोलला काऊन नाई, का सुरभीनं सांगतलं म्हणून?"

मी म्हटलं, मला वाचवायला.

त्यांनी टोपलीत वांगी नीट लावली. मग विचारलं की रविवारी तुला सुट्टी असते का, आणि कंपनीचं गेट हायवेवरून दिसतं का.

दादा, ते येत आहेत. पहिल्या तारखेला, सकाळच्या एस.टी.नं. आम्हाला सांगितलं आहे की नागपूरला मिरचीचा भाव बघायला जातो. मिरचीचा भाव बघायला कुणी धुतलेलं धोतर काढून ठेवत नाही. हे पत्र त्यांच्या आधी पोहोचावं म्हणून उद्या स्पीड पोस्टानं टाकते.

ते गेटबाहेर उभे राहतील. त्यांना आत कुणाला विचारता येणार नाही, आणि तुला बघून काही बोलताही येणार नाही, तुला माहीत आहे ते. म्हणून तूच आधी बोल. काहीही बोल. चहा घेता का, एवढं म्हटलंस तरी चालेल. त्यांच्यावर राग असेल तर तो त्यांच्यावर काढू नकोस. तो माझा आहे. तो घेऊन तू त्यांच्याबरोबर घरी ये आणि समोर बसून मला दे.

वर्षभर उशिरा खरं बोललेली, पण आता अगदी हलकी झालेली
तुझी बहीण
सुरभी