अर्धा इंच आखूड बाही

पिंप्राळा, जळगाव
मंगळवार

सौ. यशोदास,

मी अक्काकडे सुखरूप आहे, जेवणखाण वेळेवर होतं. अमळनेरला तुम्ही बरे आहात ना? मशीनला तेल घातलंस का? भूषण आता नीट जेवतो का?

मेहरूण तलावावरच्या खुनाच्या खटल्यात काल माझी साक्ष झाली. तिथे सापडलेला रक्ताचा शर्ट मी आरोपीला शिवून दिलेला आहे, असं शपथेवर सांगितलं. कापड आणि टाका पाहून ओळखला. टीव्हीवर माझं नावही आलं.

इथे चहाच्या टपरीवर सगळ्यांनी त्याला फाशी देऊनसुद्धा टाकली. एकटे दाजी म्हणाले, "पण शर्ट त्यानाच शे कशावरून? एवढी शंका राहिली तर कोर्टाला सोडावंच लागेल." मी चिडलो. माझी शिवण मी ओळखणार नाही?

आज त्याच्या वकिलाने तोच शर्ट माझ्या हातात दिला. डावी बाही अर्धा इंच आखूड आहे. आरोपीचे दोन्ही हात सारखे आहेत. त्याच ताग्यातून मी आपल्या भूषणलाही शर्ट शिवला होता. त्याचा हात मोडल्यापासून डावी बाही मी आखूडच कापतो.

वकिलाने अजून बाह्या मोजलेल्या नाहीत. येत्या सोमवारी मला परत बोलावलंय.

भूषणला काही विचारू नकोस. तो कामावर गेला की त्याची पेटी उघडून बघ. शर्ट असला तर मला लगेच फोन कर.

नसला तर करू नकोस.

तुझा,
प्रेमराज