कापडी छताची गाडी

आबा, मी गाडी घेतेय. दोन दारांची, छोटीशी, महागडी, छत उघडणारी. मागच्या सीटवर कोणी बसलाच तर त्याचे गुडघे हनुवटीला लागतील, म्हणजे तुमच्या घराण्यातलं कोणी मागे बसायला येणार नाही. ते पाहून फार बरं वाटलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तुमचा आवाज घरात आहेच, आता तो धाकट्याच्या घशातून येतो एवढंच. "ताई, डोकावर छप्पर नई अशी गाडी कोन लेस? अन् लोके काय म्हनतीन?" मी म्हटलं, नवापूरच्या पोल्ट्रीत मी कोंबड्यांची घाण उपसत होते तेव्हा हे लोक कुठे होते? त्याने विषय बदलला. तुम्ही बदलला नसता.

काठी गावच्या होळीला निघालो होतो तो दिवस आठवतो का? जीपमध्ये पुढे तुम्ही आणि काका, वारा खात. मागे आई, काकू आणि आम्ही मुली, तिन्ही बाजूंनी ताडपत्रीचे पडदे पाडून. बाया बसल्या की पडदे खाली, हा तुमचा नियम. अक्कलकुवा मागे पडतं, घाट लागतो, आईला मळमळायला लागतं. मी पडदा जरासा वर करते आणि जीप थांबते. तुम्ही उतरता. मला वाटतं, आईला पाणी द्यायला. तुम्ही बाहेरून पडद्याची दोरी ओढून गाठ मारता. "पडदा वर करानं काम नई. लोके देखी ऱ्हायनात." रस्त्यावर दोन शेळ्या होत्या, आबा. पुढच्या वळणावर आई स्वतःच्या लुगड्यावर आणि माझ्या मांडीवर ओकली. होळी तुम्ही पाहिलीत, मी आईचं लुगडं धूत बसले. त्या गाठीसाठी मी तुम्हाला माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही.

परवा सुरतेला दोन गाड्या पाहिल्या. एकीचं छत पत्र्याचं, घडी होऊन डिकीत जाणारं. दुसरीचं कापडी. शोरूमवाला म्हणाला, "मॅडम, आपके उधर की धूल में पत्रेवाली ही अच्छी." शहाणा माणूस, खरं तेच सांगत होता. मी कापडीच निवडली. कापड सरसर मागे जाताना मला बघायचं होतं, आणि तुम्ही ते बघायला नाहीत याचं तेवढ्यापुरतं वाईट वाटलं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. चालवून बघायला गाडी बाहेर काढली, छत उघडलं. सिग्नलला शेजारच्या रिक्षातल्या माणसाने वळून पाहिलं, तसा माझा हात आपोआप डोक्याकडे गेला, ओढणी पुढे ओढायला. मी शर्ट-पँटमध्ये होते. पुढचा चौक यायच्या आत मी बटण दाबून छत बंद केलं आणि बाजूला बसलेल्या शोरूमवाल्याला सांगितलं, बंद कसं होतं ते बघत होते.