एकतिसावा तुकडा ठेवावा की काढावा

ती. मामांना,

बसल्या जागेवरूनच साष्टांग नमस्कार. (उठता येत नाही. खुर्चीच्या दोन्ही बाजूंना गठ्ठे आहेत आणि तिसरा मांडीवर.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामी कशी आहे? आई मजेत. मीही मजेत आहे, असं आई सगळ्यांना सांगते.

घरात पहिली पदवी घेतलेली मुलगी ऑफिसात नेमकं करते काय, असं तुम्ही विचारलंत. मामा, मी लोकांची मतं वाचते. तुम्ही तरुणपणी ज्यात वाजवलंत, त्या चित्रपटाच्या पार्श्वसंगीताचा वाढीव संच आमच्या कंपनीने काढला, हे तुम्हाला माहीतच आहे. जुन्या रेकॉर्डवर बारा तुकडे होते, आता दोन सीडींवर बेचाळीस आहेत. साठ वादकांनी वाजवलेलं, पण तेव्हा कात्रीखाली गेलेलं सगळं परत आणलंय. प्रत्येक खोक्यात अभिप्रायाचं एक कार्ड घालायची कल्पना माझी. श्रोत्याला बोलू द्यावं आणि प्रत्येकाला उत्तर द्यावं, असं मी मीटिंगमध्ये उभी राहून म्हणाले होते. आमचे ध्वनिमुद्रक काका तेव्हाच म्हणाले, "पोरी, खाली बस." मी बसले नाही. आता सहाशे चाळीस कार्डं आली आहेत आणि तेव्हापासून मी बसलेलीच आहे.

एका गृहस्थांनी दोन तुकड्यांमधली शांतता घड्याळ लावून मोजली. रेकॉर्डवर ती चार सेकंद होती, आता तीनच, तेव्हा उरलेला सेकंद कंपनीने परत करावा. एका बाईंना संगीत आवडलं, पण खोकं त्यांच्या कपाटाच्या फळीपेक्षा बोटभर उंच आहे, तर फळी कोण हलवणार? बाविसावा तुकडा ऐकताना झोप लागते अशी एकाची तक्रार, तर नेमक्या त्याच कारणासाठी तो दुप्पट लांब करावा अशी दुसऱ्याची विनंती. एकांच्या मते व्हायोलिनं फार पुढे आली आहेत, दुसऱ्यांच्या मते फार मागे गेली आहेत. या दोघांना मी सविस्तर उत्तरं लिहिली (दोन-दोन पानं, हाताने) आणि पत्ते घालताना पाहिलं तर एकाच घरातले नवरा-बायको. म्हणून शेवटी एक ओळ घातली, की खुर्च्यांची अदलाबदल करून पाहावी. काल त्यांचं कार्ड आलं. चांगली खुर्ची कोणाची यावरून घरात बोलणं बंद झालंय आणि त्याला मी जबाबदार आहे.

पण खरं दुखणं एकतिसाव्या तुकड्याचं आहे. नायिका रिकाम्या घरात येऊन एकेक खिडकी लावते, तो प्रसंग. साडेतीन मिनिटं सगळा वाद्यवृंद जवळजवळ गप्प असतो, आणि शेवटची खिडकी लागली की ट्रँगलचा, त्या टांगलेल्या पोलादी त्रिकोणाचा, एकच ठोका पडतो. टिंग. संपलं. चित्रपटातून तो प्रसंगच गाळला होता, त्यामुळे हे आजवर कोणी ऐकलेलं नाही. दोनशे अठरा जणांचं म्हणणं, हा तुकडा काढा. ('सीडी अडकली समजून मी प्लेअरला दोन थपडा मारल्या.') बाजूने फक्त अकरा. संचाची नवी आवृत्ती आटोपशीर करायची आहे, त्यामुळे सोमवारी माझा अहवाल पाहून साहेब त्याचा निकाल लावणार. त्या अकरा जणांसाठी मी भांडले, मामा. जुना करारही काढून दाखवला: ध्वनिमुद्रणातल्या एकाही वादकाने लेखी हरकत घेतली तर तुकडा काढता येत नाही. साहेब हसले. "इतक्या वर्षांनी वादक कुठून आणणार? आण शोधून!" मी करार घडी घालून परत फायलीत ठेवला. (बोलायला हवं तिथे गप्प कसं बसावं हे कॉलेजात तीन वर्षांत शिकवलं नाही. ऑफिसात आठवड्यात जमलं.)

बाकी सगळं ठीक. तब्येतीला जपा.

तुमची भाची

ता. क. ती अकरा कार्डं काल मी शेजारी शेजारी मांडली. अकराही एकाच कोऱ्या कार्डाच्या झेरॉक्स आहेत आणि अकरांवर कपाचा तोच गोल डाग आहे. एक निवृत्त न्यायाधीश, एक परिचारिका, एक तरुण विद्यार्थिनी, एक बोटीवरचा खलाशी. अक्षर प्रत्येकाचं वेगळं काढलंय (मेहनत दिसते), पण सगळ्यांनाच 'शेवटचा ठोका अत्यंत वेळेवर' वाटला आणि सगळेच सहीखाली तुमच्यासारखी दुहेरी रेघ मारतात. खलाशाच्या कार्डामागे मामीची यादी आहे: साबण, बल्ब, उंदराचं औषध. मामा, खोटी मतं मोजणं माझ्याच्याने होणार नाही. ती मी काढून टाकली. आता बाजूने शून्य.

ता. क. २. वादकांच्या हजेरीची वहीही सापडली आहे. सव्वीस व्हायोलिनवाल्यांत तुमची सही नाही. ती अगदी शेवटी आहे, ट्रँगलपुढे. पाहुणे आले की तुम्ही डाव्या खांद्यावर मान टाकून व्हायोलिनची गोष्ट सांगता, आणि त्याच व्हायोलिनच्या जोरावर मी मुलाखतीत छाती काढून बसले होते, हे सगळं मला कळतं. तरी मागणं एकच. सोमवारच्या आत एक पत्र, स्वतःच्या नावाने: 'तो ठोका मी वाजवला, तुकडा काढू नये.' काल मी तो कामासाठी नाही, नुसता ऐकला. साडेतीन मिनिटं हात उचलून थांबायचं, आणि मग एकदाच, बरोब्बर. मला सहाशे चाळीस उत्तरांत एकदाही ते जमलेलं नाही. आईला यातलं काही कळणार नाही, माझा शब्द. पत्र पेटीत टाकायला तिच्याकडेच देतेय, पण ती दुसऱ्यांची पत्रं वाचत नाही.

दादा, ही मी, धाकटी. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं. त्या ध्वनिमुद्रणासाठी तू पाच महिने बाहेर राहून परत आलास तेव्हाच मला कळलं होतं. व्हायोलिन शिकलास कधी, आणि आपल्या घरात ते होतं कुठे? मी कोणाला बोलले नाही, पुढेही बोलणार नाही. तुझी भाची हल्ली जेवताजेवता झोपते. आजच्या आज लिही, आणि अक्षर बदलू नकोस.